आण्णा फौंड्रीत नेमकं काय करायचे? जाणकारांनी सांगावं

करवीरकन्या

आण्णांचं उत्तरकार्य होऊन काही आठवडे झाले. पेपरात निधनवार्ता आली ती चार ओळींची. नाव, वय, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, मागे पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमी. ‘फौंड्रीतून निवृत्त’ हे दोन शब्द भावानं आग्रहानं घालायला लावले.

भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणाला, माणूस कष्टाळू होता. खरंच आहे. पण कष्ट म्हणजे त्यांनी काय केलं असं कुणी विचारलं, तर मला घरातलं तेवढं सांगता येतं. शिरोली एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये त्यांचं अख्खं आयुष्य गेलं, आणि तिथलं मला काहीच ठाऊक नाही. म्हणून हा धागा.

घरातलं सांगते. पहिली पाळी असली की पहाटे सायकल काढायचे. दसरा चौक, कावळा नाका, तावडे हॉटेल, मग हायवेचा पूल ओलांडून शिरोली. पावसाळ्यात घोंगडीची खोळ. रात्रपाळी करून आले की गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबून समोर पिळलेलं दूध प्यायचे आणि आमच्यासाठी बरणीतून आणायचे. घरी आल्यावर आधी परसातल्या दगडावर आंघोळ. पहिल्या दोन बादल्यांचं पाणी काळंच वाहायचं. आंघोळीशिवाय ते आम्हाला हात लावायचे नाहीत. कितीही उशीर झाला तरी आई थांबलेली असायची. आम्ही जेवून घे म्हटलं की म्हणायची, “जेवतो की. ते येऊ देत.”

सोमवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी ते उद्यमनगरात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पंप, मोटरी खोलायला जायचे. त्या पैशांतून भिशी चालायची आणि भिशीतून आमच्या फिया.

शेड मी पाहिली आहे, पण फक्त खंडेनवमीला. झाडून-पुसून ठेवलेली, यंत्रांना झेंडूच्या माळा, भट्टीपुढे नारळ, पेढे. आण्णा इस्त्रीच्या शर्टात. म्हणजे मी ती जागा पाहिली ती सगळं बंद असताना.

आता मूळ प्रश्न. त्यांच्या कपाटात वह्या सापडल्या. एका बाजूनं घरखर्च: दूध, गॅस, भिशी, दादाची फी, आजीची औषधं. वही उलटी केली की दुसऱ्या बाजूनं हे असलं काहीतरी:

‘वाळू १००, बेंट ८, कोळसा ४, पाणी साडेतीन.’
‘शंभराला एक. लांबीला धरलं, रुंदीला धरलं नाही. पॅटर्नवाल्याला सांगणे.’
‘पाणी जास्त. ४ गेले. उद्या स. ५.’
‘१३८०. ठीक.’

आईला विचारलं तर ती म्हणाली, कामाचं असेल. कुणाला कळत असेल तर कृपया सांगा. आणि त्यांच्या दोन्ही पायांवर, घोट्याच्या खाली, जुने भाजल्याचे डाग होते. विचारलं की “उडतं थोडंफार” एवढंच म्हणायचे.

शिरोली_नाका

भावपूर्ण श्रद्धांजली ताई. आमचेही वडील त्याच रस्त्यानं जायचे. सकाळी पुलावर सायकलींची रांग लागायची, बहुधा आपल्या दोघांचे वडील एकमेकांना ओळखत असणार.

पॅटर्नशॉप

ताई, तुमच्या वडिलांच्या आत्म्यास शांती लाभो. मी पॅटर्नमेकर. लाकडाचे आणि नंतर अॅल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा घेतात ते मालाचे नमुने, करण्यात माझीही नोकरी गेली. वहीतल्या ओळी वाचल्या आणि लगेच लिहायला बसलो.

पहिली ओळ हे मातीचं गणित आहे. फौंड्रीत आम्ही वाळूला मातीच म्हणतो. शंभर भाग वाळू, आठ भाग बेंटोनाइट म्हणजे चिकटपणासाठीची चिकणमाती, चार भाग कोळशाची पूड, साडेतीन भाग पाणी. या मातीत पॅटर्न ठोकून बसवायचा, काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. कोळशाची पूड अशासाठी की रस आत गेला की ती तापून वायू सोडते आणि लोखंडाला माती चिकटत नाही, अंग गुळगुळीत निघतं. पाण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यानं चुकलं तरी माल बिघडतो. म्हणजे वडील मोल्डर, साचे करणारे, होते, आणि साधे नव्हते. प्रमाण लिहून ठेवणारा मोल्डर मी फार थोडा पाहिला. बहुतेकांचं सगळं हातात असतं आणि ते हाताबरोबर जातं.

दुसरी ओळ माझ्या धंद्याची. बिडाचा रस थंड होताना आकसतो, साधारण शंभराला एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. कुणीतरी लांबीला ही वाढ धरली आणि रुंदीला विसरला, ते तुमच्या वडिलांनी पकडलं. खरं तर ते मोल्डरचं कामच नाही. त्याला पॅटर्न मिळतो, त्यानं साचा करायचा. माल मापात आला नाही तर दोष पॅटर्नवाल्याचा. तरी ते मोजत होते.

१३८० हे तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. ही ओळ वहीत उशिराची असणार. आधी कुपोला भट्टी होती. कोक, चुनखडी, पिग आयर्न, भंगार वरून टाकायचं आणि रसाचा रंग बघून ठरवायचं. इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेची भट्टी आल्यावर रसात बुडवायचं तापमापक आलं. अनुभवी माणसं आधी रंग बघून आकडा सांगायची, मग मापकात बघायची. ‘ठीक’ लिहिलंय ते बहुधा त्याचंच.

भट्टीसमोर

ताई, मी कागलकडचा. मोल्डिंगलाच होतो, आता घरी बसलोय. पॅटर्नशॉप भाऊंनी बरोबर सांगितलंय. राहिलेलं मी सांगतो.

‘पाणी जास्त, ४ गेले’ म्हणजे चार साचे वाया गेले. माती ओली झाली की रस ओतल्यावर त्या पाण्याची वाफ होती. तिला बाहेर पडायला जागा मिळाली न्हाई तर ती रसातच कोंडून बसती. वरनं माल चांगला दिसतो. लेथवर चढवून दोन मिलिमीटर खाल्लं की आत भोकं. ब्लोहोल म्हणतात त्याला. मग तेवढं लोखंड, तेवढी वीज, मशीनवाल्याचा वेळ, समदं पाण्यात. त्यात गंमत अशी की दोष कुणाचा ते कळत न्हाई. माती मिक्सरवाल्यानं कालवलेली असती, साचा दुसऱ्यानं मारलेला, रस तिसऱ्यानं ओतलेला. तुमच्या वडिलांनी ‘४ गेले’ असं आपल्या वहीत लिवलं म्हणजे ते आपल्या अंगावर घेतलं. आणि ‘उद्या स. ५’ म्हणजे दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी जाऊन माती परत कालवली असणार. त्याचा पगार न्हाई मिळत.

मातीची पारख मुठीत. मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे ठसे स्वच्छ उठले पायजेत. मग ती ढेप मधून मोडायची. कडा न ढासळता मोडली तर माती तयार. तळहाताला लई चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. प्रयोगशाळेत यंत्र हाय त्याला, पण यंत्राचा रिपोर्ट यायच्या आधी शंभर साचे मारून होतात.

आता पायाचं. हे मला सांगायलाच पायजे. पूर्वी रस हातानं ओतायचा. लांब दांड्याचं लॅडल म्हंजे रसाचं भांडं, दोन टोकांना दोन माणसं. साच्याच्या तोंडात धार लावली की ती तुटता कामा न्हाई. मधेच थांबलं तर आधीचा रस निवतो, नंतरचा त्याला जुळत न्हाई, मालात चीर राहती. दुसरं म्हंजे तुम्ही दचकलात, हात हलला, तर समोरच्या गड्याच्या अंगावर रस जातो. साच्याच्या तोंडाशी थेंब उडतात. थेंब बुटात गेला तरी धार संपेपर्यंत हलायचं न्हाई. साचा भरला, लॅडल खाली ठेवलं, मग बूट काढायचा. माझ्याही पायावर हायत. ‘उडतं थोडंफार’ ह्याचा अर्थ तेवढा हाय ताई.

करवीरकन्या

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. समोरच्या गड्याचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू?

दुसरी_पाळी

श्रद्धांजली. पण धाग्यात जे चाललंय त्याबद्दल थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

माझे वडील टर्नर होते. रोज ओव्हरटाइम, सुट्टीच्या दिवशी दुसरीकडे काम. कौतुक करायला सगळे होते. पण मला त्यांच्याबरोबर खासबागेत एखादी कुस्ती किंवा शाहू स्टेडियमवर एखादी मॅच पाहिल्याचं आठवत नाही. ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही, कारण मी त्यांना ओळखतच नव्हतो. थेंब बुटात गेला तरी हलायचं नाही, हे धैर्य आहे हे मान्य. पण पायाला नीट गेटर, म्हणजे नडगीपासून बुटापर्यंत झाकणारं आवरण, आणि चांगले सेफ्टी शूज मिळाले असते तर त्या धैर्याची गरज पडली नसती. पहाटे पाचला बिनपगारी जाणं ही निष्ठा म्हणायची, तर १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला होता तो कशासाठी? आपण कष्टाळू बापांच्या आठवणी काढतो तेव्हा त्यांच्याकडून काय काढून घेतलं गेलं तेही लिहायला हवं. नाहीतर पुढच्या पोरालाही तेच करावं लागेल.

शिरोली_नाका

मुद्दा बरोबर आहे, वेळ चुकीची आहे भावा.

भट्टीसमोर

वेळ चुकीची न्हाई. त्यांचं खरं हाय. गेटर आमाला लई उशिरा मिळालं.

करवीरकन्या

दुसरी_पाळी, राग कशाला येईल? कॉलेजात असताना मी हेच बोलत होते, घरात, मोठ्या आवाजात. सोमवारी तरी घरी थांबा म्हणून भांडायचे. आण्णा वाद घालायचे नाहीत. दादा दहावी झाल्यावर त्याला मात्र त्यांनी बजावलं होतं, “भट्टीवर तू यायचं नाहीस.” त्याला आयटीआयला घातलं, आज तो गोकुळ शिरगावात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, प्रोग्रॅमिंग करतो, वातानुकूलित खोलीत. म्हणजे तुम्ही म्हणताय ते त्यांनाही कळत होतं.

पण काल तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला तेव्हा तिनं जे सांगितलं ते इथं लिहायलाच हवं. ती म्हणाली, “आमच्यासाठी राबले, आमच्यासाठी राबले, सगळे हेच म्हणतात. त्यांना ते काम आवडायचं, हे कुणीच म्हणत नाही. चांगला माल पडला की त्या दिवशी चालण्यात फरक असायचा. मी दारातनं ओळखतो आज माल कसा पडलाय.”

मी त्यांची मुलगी, आणि हे मला माहीत नव्हतं. आम्ही त्यांच्या कष्टांचं ओझं डोक्यावर घेऊन वाढलो. आमच्यामुळे हा माणूस झिजतोय असंच वाटायचं, आणि त्या ओझ्यापायी त्यांना कधी विचारलं नाही की आज काय केलंत. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही लिहू या. गेटर मिळालं नाही हेही, आणि मुठीतली माती ओळखणारा माणूस होता हेही. नुसतं पहिलं लिहिलं तर ते फक्त भरडलेले दिसतात. ते तसे नव्हते.

दुसरी_पाळी

हे पटलं. आमच्या घरी वडिलांचं मायक्रोमीटर आहे, मखमली पेटीत. आईला विचारून बघतो.

वैद्य_गडहिंग्लज

ताई, आण्णांना शेवटी काय त्रास होता? धाप, कोरडा खोकला असं काही होतं का?

करवीरकन्या

हो. शेवटची काही वर्षं जिना चढताना धाप लागायची. एका ठिकाणी दमा सांगितला, दुसरीकडे टीबीची औषधं सुरू केली. गेले ते हृदयविकारानं.

वैद्य_गडहिंग्लज

त्यांच्याबद्दल आता निदान करणं योग्य नाही, मी करणारही नाही. पण हा धागा फौंड्रीतली माणसं वाचतायत म्हणून लिहितो.

वाळूच्या बारीक धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात जाते आणि तिथं व्रणासारख्या गाठी होतात. सिलिकोसिस. झालेली इजा औषधानं भरून येत नाही, म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं. एक्स-रे वरवर पाहिला तर टीबीसारखा दिसू शकतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतात. डॉक्टरकडे गेलात की न विचारता सांगा: मी इतकी वर्षं फौंड्रीत, मोल्डिंगला, शेकआउटला किंवा फेटलिंगला होतो. साचा फोडताना आणि माल घासताना धूळ सगळ्यात जास्त असते. जुने एक्स-रे टाकून देऊ नका, आधीच्या-नंतरच्या तुलनेत बरंच कळतं. हा व्यवसायजन्य आजार म्हणून कायद्यात धरलेला आहे, त्याची भरपाई मागता येते. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. भट्टीसमोर काका, तुम्ही एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी केली आहे का?

भट्टीसमोर

न्हाई केली. पोराला सांगतो.

हिशेबनीस

एक कामाची गोष्ट, कारण दुःखात ही मागं पडते. आण्णांना ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ खात्याकडून मिळणारी, पेन्शन चालू होती का? असेल तर ती आईंना पुढे मिळते, साधारणपणे त्यांच्या पेन्शनच्या निम्मी, आणि किमान हजार रुपये. ती आपोआप सुरू होईल या भरवशावर राहू नका. पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, मृत्यूचा दाखला, आईंचं आधार, त्यांच्या एकटीच्या नावाचं बँक पासबुक आणि १०-डी अर्ज. पीपीओवर आईंचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. आपल्याकडे माहेरचं-सासरचं नाव, वडिलांचं-नवऱ्याचं नाव यात अर्ज अडकतात. आण्णांच्या खात्यात मृत्यूनंतर पेन्शन जमा झाली असेल तर ती काढू नका, परत मागितली जाते.

आणि इतर वाचकांसाठी: माणूस नोकरीत असताना गेला तर पीएफ, पेन्शन याशिवाय ईडीएलआयचा विमा असतो, सात लाखांपर्यंत. त्यासाठी कामगाराला वेगळा हप्ता भरावा लागत नाही, म्हणून कित्येक घरांना तो असल्याचंच माहीत नसतं. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अटही मृत्यू झाल्यास लागू नसते.

करवीरकन्या

पेन्शन चालू होती, थोडीच. पीपीओ वहीतच ठेवलेला सापडला, वर पेन्सिलीनं ‘हिच्यासाठी’ लिहिलंय. आधारवर आईचं नाव वेगळं आहे, तुम्ही म्हणालात तसंच. दादा उद्या दुरुस्तीला जातोय.

शिरोळकर_मावशी

ताई, आईच्या बांगड्यांचं काय केलंत? विचारते म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

करवीरकन्या

मावशी, फोडू दिल्या नाहीत. आत्या अडून बसली होती. दादानं सांगितलं की आपल्याच जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केलाय. आत्या म्हणाली, ते गाव तिकडचं, आपलं घर इकडचं. शेवटी आईच बोलली, “त्यांनी जोतिबाला घेऊन दिल्यात. कोण काढतंय बघतो.” कुंकूही लावते. शेजारच्या दोघीतिघी बघून न बघितल्यासारखं करतात.

शिरोळकर_मावशी

मी हेरवाडजवळचीच. मे २०२२ मध्ये तो ठराव झाला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. ठराव कागदावर झाला, पण घरात कुणीतरी उभं राहावं लागतं. माझे हात तेव्हा मोकळे केले होते. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

पंचगंगाकाठ

मी इतके दिवस नुसता वाचत होतो. शुक्रवार पेठेत गिरणीच्या बोळात राहत असाल तर मी आण्णांना ओळखतो. नाव लिहीत नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला, कोल्हापूरला बाहेरून काही येईना. पाणी ओसरल्यावर आमच्या बोळात चिखल, आणि प्रत्येक घरातली पाण्याची मोटर मेलेली. मोटार रिवायंडिंगवाल्यांकडे ही रांग. आण्णा पाना-पक्कड घेऊन बोळाच्या तोंडाशी बसले. ज्यांची वाइंडिंग धड होती त्या मोटरी खोलल्या, धुतल्या, दिव्याच्या उबेवर वाळवल्या, बेअरिंग बदलून परत बसवल्या. पैसे फक्त बेअरिंगचे. त्याआधी सगळ्यात पहिली गिरणीची मोटर केली. माझी आई म्हणाली, आमची आधी करा. तर म्हणाले, “वहिनी, पीठ झालं पाहिजे. पाणी बादलीनं आणता येतंय.”

तेव्हा त्यांना धाप लागत होती. मधे मधे पायरीवर बसायचे. हेही लिहितो, कारण वर चर्चा झाली.

करवीरकन्या

गिरणीचा बोळच. मी तेव्हा पुण्यात, रस्ता बंद म्हणून अडकलेली. फोनवर फक्त “सगळं ठीक आहे, तू येऊ नको” म्हणाले होते. मोटरींचं मला आज कळतंय.

दादाशी बोलले. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, शेणी म्हणजे गोवऱ्या लोकांनी दान दिलेल्या असतात; आण्णांनाही तशाच मिळाल्या. वर्षश्राद्धाचा जेवणाचा खर्च कमी करून होळीला तालमीच्या मुलांबरोबर शेणी द्यायच्या असं घरात ठरलं आहे.

पॅटर्नशॉप काका, एक विनंती. वहीत पुढे आकृत्या आहेत, रनर-रायझरच्या, म्हणजे साच्यातल्या रसाच्या वाटांच्या आणि जादा रसाच्या जागांच्या, असाव्यात, बाजूला बारीक अक्षरात कारणं लिहिलीत. दादा म्हणतो, त्यातलं निम्मं त्यालाही कळत नाही. आयटीआयत मोल्डिंग शिकणाऱ्या मुलांना उपयोग होईल असं वाटतं का? की जुनं झालं सगळं?

पॅटर्नशॉप

पद्धत जुनी झाली असेल, लोखंड तसंच आकसतं. रस कुठून घ्यायचा, रायझर कुठं ठेवायचा, कोणता भाग शेवटी निवला पाहिजे, हे आज संगणकावर सिम्युलेशन करून बघतात. पण ज्याला कारण माहीत आहे त्यालाच स्क्रीनवर काय चुकतंय ते दिसतं. फोटो टाकू नका, अक्षर बारीक असेल तर कळणार नाही. मी सोमवारी येतो, भट्टीसमोर येत असतील तर कागलहून त्यांनाही घेऊन. आईंना सांगा, चहा पुरे, जेवणाचा घाट घालू नका.

भट्टीसमोर

येतो. एक्स-रे सकाळी हाय, तो काढून बारापर्यंत पोचतो.